बाण तर सुटला, मग हात कशाला धरून ठेवायचा?

ऑगस्ट २०२३ ला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी बर्लिनमध्ये कंपाऊंड म्हणजे कप्प्यांच्या धनुष्याची वर्ल्ड चॅम्पियन झाली, तेव्हापासून इकडं कट्ट्यावरपण आर्चरीच्या गप्पा निघतात, फार बरं वाटतं. फक्त एक वाक्य सारखं कानावर येतं: "बाण सुटल्यावर हात हलला, म्हणून नेम चुकला." गोष्ट उलटी आहे.

माझी भाची रिकर्व्ह शिकते, म्हणजे टोकं पुढं वळलेलं धनुष्य. तिचा रिलीज, म्हणजे दोरी सोडणं, मोबाईलवर स्लो-मोशनमध्ये घेतला, सेकंदाला २४० फ्रेम. दोरी बोटांतून निसटल्यापासून बाण दोरी सोडेपर्यंत फ्रेम मोजल्या तर जेमतेम चार! म्हणजे साधारण १६ मिलिसेकंद. गणितपण जुळतं, दोरी अर्धा मीटर ओढलेली, बाण ६० मीटर प्रति सेकंदानं सुटतो धरा, म्हणजे दोरीवरचा सरासरी वेग ३०, भागाकार करून बघा. आणि काही जाणवून स्नायू हलायला माणसाला दीडशे-दोनशे मिलिसेकंद लागतात, तोवर बाण आठ ते अकरा मीटर पुढं गेलेला असतो. सुटल्यावर तुम्ही त्याचं काहीच करू शकत नाही.

मग कोच फॉलो-थ्रूसाठी, म्हणजे बाण गेल्यावरही हात तसाच ठेवण्यासाठी, एवढं का ओरडतात? कारण धनुष्याचा हात खाली टाकायचा हुकूम मेंदूनं दोरी सुटायच्या आधीच दिलेला असतो, आणि तो थोडा लवकर पोचला की धनुष्य बाणासकट हलतं. डोळ्यापासून साइट, म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची खूण, ९० सेंटिमीटरवर असेल तर तिथला १ मिलिमीटर म्हणजे ७० मीटरवर जवळजवळ ८ सेंटिमीटर. दहा गुणांचं वर्तुळच मुळी १२.२ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे बरोबर मधे लागणारा बाणपण त्याच्या बाहेर.

खरी गंमत बोटांची आहे. बोटं "उघडायची" नसतातच. ४० पौंडांचं धनुष्य म्हणजे बोटांवर १८ किलो, ती दोरी बोटांपेक्षा कितीतरी चपळ, मुद्दाम उघडायला गेलात तर एक बोट आधी, एक नंतर, आणि दोरी त्यांच्यावरून घसरत बाजूला ढकलली जाते. थोडं बाजूला जाणं चांगल्या रिलीजमध्येपण असतंच, त्यानं बाण वाकतो आणि मासोळीसारखा वळवळत धनुष्याच्या कडेनं निघतो, बाणाचा ताठपणा म्हणजे स्पाइन त्यासाठीच जुळवून घेतात. पण धक्का दरवेळी वेगळा बसला तर वाकणं वेगळं, दिशा वेगळी. म्हणून बोटं फक्त सैल सोडायची, वाट दोरी स्वतः काढते. खवाट्यामधले पाठीचे स्नायू तोवर ओढतच असले तर अडवणारी दोरी गेल्याबरोबर दोरी ओढणारा हात आपोआप मानेला घासून कानामागं जातो. हात मुद्दाम मागं नेऊन दाखवला तर उपयोग शून्य.

धनुष्याला काळा दोरा बांधलेला पाहिलाय, बॅलन्स वाढवतात म्हणे ती रबरी कडीपण पाहिलीत. दसऱ्याला धनुष्य पुजा, मीपण पुजतो, पण नजर लागून बाण डावीकडं जात नाही हो, बोटांनी जातो.

भाचीला सध्या टार्गेटचा कागद काढून पाच मीटरवरून नुसत्या फोमवर मारायला लावलंय, डोळे मिटून. बाण रुतल्याचा आवाज आला की ती तशीच थांबते आणि बोटं कुठं टेकलीत ते चाचपते. काल दहापैकी सहा वेळा कानाच्या पाळीखाली होती.