रोहित्राच्या तेलातली पूर्वसूचना

२० मार्च २०२५ च्या रात्री पश्चिम लंडनमधल्या नॉर्थ हाइड उपकेंद्रात एका अतिउच्च दाबाच्या ट्रान्सफॉर्मरने, म्हणजे रोहित्राने, पेट घेतला. हजारो लिटर तेल जळत राहिलं. दुसऱ्या दिवशी हीथ्रो विमानतळ जवळजवळ दिवसभर बंद होता. घातपाताची शंका आल्याने दहशतवादविरोधी पोलिसांनीही तपास केला. जुलैमध्ये अहवाल आला, तेव्हा संशयित निघालं पाणी. रोहित्राच्या एका बुशिंगमध्ये ओलावा शिरला असावा आणि त्यातूनच ते फुटलं, असा निष्कर्ष निघाला.

बुशिंग म्हणजे रोहित्राच्या डोक्यावर दिसणारे कंगोरेदार खांब. उच्च दाबाची तार लोखंडी टाकीला न भिडता त्यांच्यातून बाहेर येते. त्यांच्या आत तेलात मुरवलेल्या कागदाचे थर असतात. कागदात ओल आली की त्याची विजेला अडवण्याची ताकद घटते. मोठ्या रोहित्रांच्या अनेक आगी या खांबांपासूनच सुरू होतात.

पण आग लागू शकेल असं तेल मुळात भरायचंच कशाला? कारण ते एकाच वेळी दोन कामं करतं. गुंडाळ्यांची उष्णता बाहेरच्या रेडिएटरपर्यंत नेतं आणि हजारो व्होल्टच्या तारांना एकमेकींपासून अलग ठेवतं. हवेला ही दोन्ही कामं इतक्या थोड्या जागेत जमत नाहीत. या खनिज तेलाची वाफ साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे ठिणगीने पेटू शकते. नेहमीच्या कामात तेल त्याच्या बरंच खाली असतं, आणि टाकीच्या आत पेटायला पुरेसा ऑक्सिजनही नसतो.

धोका येतो तो आतल्या शॉर्टसर्किटमधून. तेलातच विजेचा आर्क, म्हणजे सलग पेटत राहणारी ठिणगी, पेटतो, त्याचं तापमान हजारो अंशांत असतं. आसपासच्या तेलाचे रेणू तुटून हायड्रोजन, ॲसिटिलीन, मिथेन असे ज्वलनशील वायू तयार होतात आणि दाब काही मिलिसेकंदांत चढतो. रिलेने, म्हणजे दोष टिपणाऱ्या उपकरणाने, दोष ओळखून ब्रेकर, म्हणजे प्रवाह तोडणारा स्विच, उघडेपर्यंत साधारण ६० ते १०० मिलिसेकंद जातात. तेवढ्या वेळातही टाकी फाटू शकते. टाकीवर दाब सोडणारी झडप असते, पण कुकरच्या शिट्टीसारखी तीही हळूहळू वाढणाऱ्या दाबासाठी बरी. मोठ्या आर्कपुढे तिचं तोंड अपुरं पडतं. टाकी फाटली की तापलेलं तेल आणि वायू हवेत येतात, आणि खरी आग तिथे सुरू होते. म्हणून आर्क पेटल्यानंतरच्या उपायांपेक्षा तो पेटूच नये यासाठी केलेली तपासणी मला कितीतरी मोलाची वाटते.

जर्मनीतल्या माक्स बुखोल्झ यांनी १९२१ मध्ये शोधलेला रिले आजही हेच काम करतो. मुख्य टाकी आणि वरची छोटी तेलटाकी यांना जोडणाऱ्या नळीत तो बसवतात. आत कुठे बारीक दोष असेल तर वायूचे बुडबुडे वर चढून त्यात साठतात, तरंगणारा गोळा खाली येतो आणि अलार्म वाजतो. तेलाचा लोंढाच आला तर रिले थेट रोहित्र बंद करायला लावतो.

त्याहून आधीची खबर तेलात विरघळलेल्या वायूंकडून मिळते. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा येऊ न देता नमुना घेतात आणि प्रयोगशाळेत वायू मोजतात. फक्त हायड्रोजन वाढला असेल तर लहान विद्युत-विसर्ग, इथिलीन वाढलं तर कुठेतरी तेल फार तापतंय, ॲसिटिलीन दिसलं तर आर्कची शंका. कार्बन मोनॉक्साइड वाढला तर तारांभोवतीचा कागद तापून खराब होत असावा. कॅनडातल्या मिशेल दुवाल यांनी मिथेन, इथिलीन आणि ॲसिटिलीन यांच्या टक्केवारीवरून दोष ओळखणारा त्रिकोण तयार केला. जगभरचे अभियंते तो वापरतात. एका आकड्यापेक्षा मागच्या नमुन्यापासून वाढ किती झाली हे जास्त बोलकं असतं, म्हणून जुने अहवाल जपून ठेवणं फार महत्त्वाचं.

नॉर्थ हाइडमध्ये नमुना घेतला गेला होता. त्या बुशिंगच्या तेलात ओलावा वाढल्याचं जुलै २०१८ मध्येच दिसलं होतं. असा आकडा आला तर दोष जवळ आलाय, बुशिंग बदला, असं उपकेंद्र चालवणाऱ्या कंपनीचं मार्गदर्शनही सांगत होतं. ते बदललं गेलं नाही. तपासणीची साधनं होती, त्यांनी आपलं काम केलं होतं. कागदावरचा आकडा दुरुस्तीपर्यंत पोहोचला नाही, आणि माझ्या मते रोहित्र-सुरक्षेतली सर्वांत कमकुवत कडी आजही हीच आहे.

नव्या रोहित्रांत सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून केलेली एस्टर तेलं वापरता येतात. ती ३०० अंशांच्या पुढेच पेट घेतात. महाग आहेत, पण वस्तीलगतच्या रोहित्रांसाठी मी त्यांनाच कौल देईन.

एवढं करूनही आग लागलीच तर ती पसरू नये याची तजवीज लागते. आपल्याकडे मोठ्या रोहित्रांना नायट्रोजनची यंत्रणा बसवतात. ती वरचं थोडं तेल काढून घेते आणि तळातून नायट्रोजन सोडून उरलेलं घुसळते, त्यामुळे पृष्ठभागाचं गरम तेल थंड होतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांत २००० लिटरहून जास्त तेल असलेल्या उपकरणांसाठी तेल मुरवणारे खड्डे आणि शेजारच्या उपकरणांमध्ये चार तास टिकणारी अग्निरोधक भिंत सांगितली आहे. खड्ड्यात खडी भरलेली असते. जळतं तेल खडीतून झिरपताना निवतं, हवा न मिळाल्याने विझतं.

कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसात मात्र हाच खड्डा पाण्याने भरतो. मग तेलाला जागाच उरत नाही, ते पाण्यावर तरंगत बाहेर पसरतं. त्यामुळे खड्ड्याचा निचरा आणि पंप मे महिन्यातच चालवून पाहावे लागतात, आणि पावसाळाभर पुन्हा पुन्हा.