चल बदलून फलनाचे सूत्र काढणे

कंसात नुसता क्ष नसून क्षची एखादी राशी आहे, अशा रूपात फलनाची (प्रत्येक संख्येला एकच किंमत नेमून देणाऱ्या नियमाची) किंमत दिलेली असताना त्या अख्ख्या राशीला नवे अक्षर मानून फ(क्ष)चे सूत्र शोधण्याची बीजगणितातील रीत. १७३४ साली लेओनार्ड ऑयलर यांनी फलनासाठी हे कंसाचे चिन्ह वापरले, तेव्हाही त्यांच्या कंसात एकटे चल नव्हते. चलाला एका स्थिरांकाने भागून त्यात दुसरा स्थिरांक मिळवलेला होता.

समजा, फ(२क्ष − ३) = ४क्ष² − ६क्ष + ५ असे दिले आहे. २क्ष − ३ = य मानले की क्ष = (य + ३)/२. ही किंमत उजवीकडे घातली की ४क्ष² चे (य + ३)² होते, ६क्ष चे ३य + ९ होतात, आणि सोपे रूप दिल्यावर फ(य) = य² + ३य + ५ उरते. आता यच्या जागी क्ष लिहायचा: फ(क्ष) = क्ष² + ३क्ष + ५.

या शेवटच्या पायरीवर विद्यार्थी हमखास अडतात. य म्हणजे २क्ष − ३ असे आत्ताच मानले, मग त्यालाच क्ष कसे म्हणायचे? पण सूत्र हाती आले की जुन्या क्षचे काम संपलेले असते. कंसात जी संख्या येईल तिचा वर्ग करा, त्यात तिची तिप्पट आणि ५ मिळवा, एवढेच ते सूत्र सांगते. त्या संख्येला कोणते अक्षर दिले याने काही बिघडत नाही. याउलट यच्या जागी पुन्हा २क्ष − ३ घातले, तर आपण फिरून मूळ समीकरणावर येतो. त्याचा उपयोग पडताळ्यापुरता. क्ष = २ घेतल्यास कंसात १ येतो, आणि सूत्राने व मूळ राशीने, दोन्हीकडून उत्तर ९ येते.

दर वेळी क्ष एकटा काढावाच लागतो असे नाही. फ(क्ष + १/क्ष) = क्ष² + १/क्ष² असेल, तर उजवी बाजू (क्ष + १/क्ष)² − २ अशी लिहिता येते आणि फ(य) = य² − २ लगेच दिसते. मात्र वास्तव क्षसाठी क्ष + १/क्ष ही राशी −२ आणि २ यांच्या दरम्यान कधीच येत नाही. म्हणून हे सूत्र य ≥ २ किंवा य ≤ −२ एवढ्यापुरतेच सिद्ध होते. फ(०) किती, हे दिलेल्या माहितीवरून ठरत नाही. फ(√क्ष + १) = क्ष + २√क्ष यावरून फ(य) = य² − १ मिळते, तेही य ≥ १ असतानाच. ही अट न लिहिता सोडलेले उत्तर अपुरे मानले पाहिजे, आकडेमोड कितीही बिनचूक असो.

कधी कधी असे फलनच अस्तित्वात नसते. प्रत्येक वास्तव क्षसाठी फ(क्ष²) = क्ष हवे असेल, तर क्ष = १ घेऊन फ(१) = १ येते आणि क्ष = −१ घेऊन फ(१) = −१. एका संख्येला दोन किमती देणारे फलन नसते. कंसातली राशी जिथे जिथे सारखी येते, तिथे उजवी बाजूही सारखीच यावी लागते. राशी एकास एक असेल, म्हणजे वेगळ्या क्षसाठी तिची किंमत नेहमी वेगळी येत असेल, तर ही अट आपोआप पाळली जाते.

याच रीतीचा पुढचा टप्पा म्हणजे समीकरणात फ दोनदा येणे. क्ष शून्य नसताना २फ(क्ष) + फ(१/क्ष) = ३क्ष घ्या. क्षच्या जागी १/क्ष घातला की २फ(१/क्ष) + फ(क्ष) = ३/क्ष हे दुसरे समीकरण मिळते. आता फ(क्ष) आणि फ(१/क्ष) या दोन अज्ञात राशी समजून एकसामयिक समीकरणे सोडवायची; फ(क्ष) = २क्ष − १/क्ष. हे जमते, कारण व्यस्ताचा व्यस्त घेतला की पुन्हा क्षच येतो. १/(१ − क्ष) घातल्यास तिसऱ्या खेपेला क्ष परत येतो, म्हणून तिथे तीन समीकरणे मांडावी लागतात.

निव्वळ किमती घालून सगळीच फलने सापडतात असे नाही. ओग्युस्तँ लुई कोशी यांनी १८२१ मध्ये अभ्यासलेल्या फ(क्ष + य) = फ(क्ष) + फ(य) या समीकरणात क्ष = य = ० घातल्यावर फ(०) = ० मिळते, आणि परिमेय संख्यांसाठी फ(क्ष) = क्ष·फ(१) हेही सिद्ध होते. सर्व वास्तव संख्यांसाठी ते म्हणायचे, तर फलन संतत (आलेख कुठेही न तुटणारे) असल्यासारखी जास्तीची अट लागते. ती काढून टाकली, तर हे समीकरण पाळणारी पण या सूत्रात न बसणारी फलनेही असतात, हे गेओर्ग हामेल यांनी १९०५ मध्ये दाखवले.