हौमिआचे वजन सांगणारे चंद्र

नेपच्यूनच्याही पलीकडे फिरणारा हौमिआ हा बर्फाळ बटुग्रह इतका दूर आहे, की त्याच्यावरून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे सात तास लागतात. तो गोल नाही. जेमतेम चार तासांत स्वतःभोवती गिरकी घेत असल्यामुळे ताणला जाऊन तो वरवंट्यासारखा लांबट झाला आहे.

२००५ साली खगोलशास्त्रज्ञ माइक ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हवाई बेटावरील केक दुर्बिणीतून त्याचे दोन चंद्र सापडले. जानेवारीत दिसलेला हिइआका मोठा, तर जूनमध्ये दिसलेला नामाका लहान आणि फारच मंद. तीन-साडेतीन किलोमीटरवरून रुपयाचे नाणे जेवढे दिसेल, तेवढेच हिइआकाचे हौमिआपासूनचे अंतर आकाशात भरते आणि वातावरणाच्या थरथरीत तेही सहज पुसले जाते. म्हणून लेसरचा झोत सोडून सुमारे ९० किलोमीटर उंचीवरच्या सोडियमच्या थरात एक कृत्रिम तारा उजळवतात, आणि तो जसा हलेल तसा एक लवचीक आरसा सेकंदाला शेकडो वेळा वाकवून प्रतिमा स्थिर करतात.

एवढा खटाटोप केवळ चंद्रांची संख्या वाढवण्यासाठी नव्हता. चंद्र सापडला की ग्रहाचे वजन करता येते. आपला चंद्र पृथ्वीपासून सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर असून २७.३ दिवसांत एक प्रदक्षिणा घालतो. हिइआका मात्र अवघ्या ४९,५०० किलोमीटरवर असूनही ४९ दिवस घेतो. इतक्या जवळ राहून इतका संथ, म्हणजे त्याला बांधून ठेवणारे गुरुत्वाकर्षण दुबळे असले पाहिजे. अंतराच्या गुणोत्तराचा घन करून त्याला काळाच्या गुणोत्तराच्या वर्गाने भागले, की हौमिआचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे दीड हजाराव्या भागाएवढे निघते. केप्लरचा हा नियम चारशे वर्षांचा जुना आहे, पण माझ्या मते त्याच्याइतका स्वस्त तराजू खगोलशास्त्रात दुसरा नाही.

आकार कळायला मात्र २१ जानेवारी २०१७ उजाडावे लागले. त्या दिवशी हौमिआने एक तारा झाकला आणि अनेक ठिकाणांहून टिपलेल्या त्या पिधानावरून त्याची लांबी सुमारे २,३०० किलोमीटर असल्याचे दिसले. शिवाय त्याच्याभोवती एक कडेही सापडले. वस्तुमानाला या आकारमानाने भागल्यावर घनता पाण्याच्या जवळपास दुप्पट आली, म्हणजे वरून लखलखीत बर्फाचा दिसणारा हौमिआ आतून बहुतांशी खडकाचा आहे. फार पूर्वीच्या एखाद्या टकरीत त्याच्यावरचा बराचसा बर्फ उडाला असावा, असे मानतात. तसाच पाण्याचा बर्फ हिइआकाच्या पृष्ठभागावरही आढळतो.