‘मायेची माणसं कौतुक करणारच’ हा समज अर्धाच खरा

‘घरच्यांना काय, आपलं सगळंच चांगलं दिसतं, स्वतःला खरं ओळखतो ते आपणच.’ ही समजूत इतकी मुरलेली की कौतुक कानावर पडताच आपण ते झटकून टाकतो.

मनातली धाकधूक, अस्वस्थता बाहेरून नीट दिसत नाही. तिथे आपलाच अंदाज सरस, हे खरं. मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीर यांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही तेच आढळलं. पण बुद्धिमत्ता, सर्जनशीलता यांसारख्या गुणांबाबत मित्रमैत्रिणींचा अंदाज अधिक अचूक निघाला. ‘मी हुशार आहे का?’ या प्रश्नात आपला अहंकार किंवा न्यूनगंड गुंतलेला असतो, त्यांचा तेवढा नसतो.

शिवाय जे सहज जमतं, ते गुण वाटतच नाही. पेटू पाहणारं भांडण शांत करणारा माणूस म्हणतो, ‘त्यात काय एवढं?’ भांडणाऱ्यांना विचारा!

माया थोडं वाढवून सांगते, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून ‘तू फार गुणी आहेस’ हे हवं तर सोडून द्या. ‘त्या दिवशी तू असं वागलीस’ हे मात्र साक्षीसारखं ऐका. एकमेकांना न ओळखणारे दोघेतिघे प्रसंगातून दिसलेला तोच गुण सांगत असतील, तर तो मायेच्या खाती टाकता येत नाही.