विनाइल म्हणजे शंभर टक्के अ‍ॅनालॉग?

वर्षानुवर्षं फिरणारा एक दावा: हाऊस, टेक्नो किंवा इलेक्ट्रो हे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत विनाइलवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या तबकडीवर आलं, की ते पूर्ण अ‍ॅनालॉग (सलग लहरीच्या रूपातलं), डिजिटलचा, म्हणजे आकड्यांत साठवलेल्या आवाजाचा, त्याला स्पर्शही नाही.

असं वाटणं स्वाभाविक आहे. तबकडीवरची खोबण सलग असते, भिंगातून ती दिसतेही. पण त्यात कोरलेला आवाज कुठून आला, हे खोबण सांगत नाही. आज बहुतेक निर्माते कॉम्प्युटरवर काम करतात आणि तबकडीची खोबण कापायला डिजिटल फाइलच पाठवतात. पूर्वीचंही चित्र मिश्रच. या संगीताचा कणा असलेलं 1983 चं टीआर-909 ड्रम मशीन घ्या. त्याची किक (मोठ्या ढोलाचा ठोका) अ‍ॅनालॉग, पण हाय-हॅट (जोडझांज) आणि झांजा डिजिटल नमुन्यांतून, म्हणजे आधी मुद्रित केलेल्या आवाजांतून वाजतात.

मग बारा इंची तबकडी इतकी दणदणीत का वाजते? एका बाजूला एक-दोनच ट्रॅक असल्याने खोबणींना ऐसपैस जागा मिळते. वेग मिनिटाला 45 फेरे असेल तर सुईखालून 33⅓ च्या तुलनेत 1.35 पट लांब खोबण सरकते, म्हणून बारकावे स्पष्ट उमटतात. सुई उडू नये म्हणून खर्ज मधोमध, मोनोमध्ये (दोन्ही बाजूंना सारखाच) ठेवतात. कापणाऱ्याचं हे कसब मला फार मोलाचं वाटतं.

पडताळायचं असेल तर कव्हरवरची श्रेयनामावली वाचा. टेपवरून थेट कापल्याची नोंद नसेल, तर लेबललाच विचारा: कापायला टेप गेली की फाइल?