विजया तेलाची बाटली उघडण्याआधी ७ दिवस वही लिहा (फायब्रोमायल्जियावाल्या ग्राहकांसाठी)

फायब्रोमायल्जियासाठी, म्हणजे अंगभर सतत दुखत राहणाऱ्या आजारासाठी, आमच्याकडून विजया तेल (भांगेच्या झाडापासून केलेलं आयुर्वेदिक तेल) नेणारे बरेच जण पंधरा-वीस दिवसांनी फोन करतात आणि एकच विचारतात, "मला हे लागू पडतंय का?" आम्ही विचारतो, सुरू करायच्या आधी दुखणं किती होतं, रात्री किती वेळा जाग यायची? उत्तर येतं, "खूप होतं हो." आता या "खूप"वरून आम्ही काय सांगणार आणि वैद्य तरी काय ठरवणार.

होतं काय, पार्सल आलं की त्याच रात्री थेंब सुरू. आम्हाला कळतं, दुखण्याने माणूस इतका टेकीला आलेला असतो की अजून एक रात्रही थांबवत नाही. पण तिथेच पुढचा दीड-दोन महिना वाया जातो. हा आजार एका पातळीवर राहत नाही, कधी उसळतो, कधी आपसूक उतरतो, आणि ऑर्डर तर सगळे उसळलेला असतानाच करतात. मग तो उतरला की वाटतं तेलाने केलं, आणि महिन्याने परत उसळला की वाटतं तेल फुकट गेलं, दोन्ही वेळा अंदाजच. म्हणून पहिले ७ दिवस सील तोडू नका, नेहमीच्या गोळ्या चालू ठेवा आणि फक्त लिहा.

७ दिवस आम्ही मनाने काढलेले नाहीत. या आजारासाठी डॉक्टर जी एफआयक्यूआर नावाची २१ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात, २००९ सालची, तीसुद्धा मागच्या ७ दिवसांचंच विचारते आणि प्रत्येक उत्तर ० ते १० मध्ये मागते.

वहीत रोज रात्री जेवण झाल्यावर चार ओळी पुरतात. दिवसभराचं दुखणं ० ते १० मध्ये. आदल्या रात्री किती वेळा जाग आली. सकाळी अंग मोकळं व्हायला किती वेळ लागला. आणि तुमचं स्वतःचं एक काम, जे दुखण्यामुळे अडतं, ते झालं का. तेल सुरू झालं की थेंब किती आणि किती वाजता, हेही लिहा, आणि चक्कर, गुंगी, धडधड, तोंडाला कोरड असं काही झालं तर तेसुद्धा. पंधरा दिवसांचं एका बैठकीत आठवून लिहू नका, तशी वही लगेच ओळखू येते, सगळे आकडे एकाच शाईत ६, ६, ६.

एका ताईंची वही अजून डोळ्यांसमोर आहे. त्यांनी काम लिहिलं होतं "कणीक मळणे". आधीच्या आठवड्यात दुखणं ७, जाग चार वेळा, कणीक सात दिवसांत एकदाच. पाचव्या आठवड्यात दुखणं ६, म्हणजे जवळजवळ तेवढंच, आणि त्या फोनवर म्हणाल्या काहीच फरक नाही, बंद करते. पण जाग एकदा-दोनदावर आली होती आणि कणीक पाच दिवस मळली होती. वैद्यांनी ते बघूनच पुढचं ठरवलं. दुखण्यात साधारण २ अंकांचा फरक पडला तर तो खरा फरक धरतात, पण झोप बऱ्याचदा वेगळ्या वाटेने जाते, म्हणून एकाच आकड्यावर जाऊ नका.

तेल सुरू केल्यावर बाकी काही बदलू नका. नवीन मसाज, नवीन गोळी, नवीन योगाचा क्लास, हे सगळं त्याच महिन्यात नको. थेंब रोज त्याच वेळी आणि त्याच पद्धतीने घ्या, कारण जिभेखाली धरलं तर असर लवकर येतो आणि गिळलं तर तास-दोन तास लागतात. वाईट दिवस आला म्हणून मनाने थेंब वाढवू नका.

दुसरी बाटली आम्ही वही आणि वैद्यांची नवीन चिठ्ठी बघितल्याशिवाय देत नाही, यावरून काही जण चिडतात. विजया ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स नियमांच्या ई-१ यादीत, म्हणजे विषारी गणलेल्या आयुर्वेदिक द्रव्यांच्या यादीत आहे, अशा औषधाच्या लेबलवरच वैद्यकीय देखरेखीखाली घ्या असं छापावं लागतं, आणि आम्ही ते नुसतं छापत नाही, पाळतो. दुसरं म्हणजे पुरावा अजून तोकडा आहे. २०२० मध्ये ब्राझीलमध्ये १७ बायकांवर ८ आठवडे अभ्यास झाला, फरक चांगला दिसला, पण ते टीएचसी (भांगेतला नशा आणणारा घटक) जास्त असलेलं तेल होतं आणि बायका फक्त १७. एवढ्यावर आम्ही कुणाला गॅरंटी देणार नाही. तुमच्या अंगाला काय लागू पडतं ते तुमची वहीच सांगेल.

गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, रक्त पातळ करायची किंवा झोपेची गोळी चालू असेल, घरात कुणाला मानसिक आजार असेल, तर आधी वैद्यांना सांगा. प्रीगॅबॅलिनसारखी नसांच्या दुखण्यावरची गोळी स्वतःहून बंद करू नका. थेंब घेतल्यावर गाडी चालवू नका, टू-व्हीलरसुद्धा नाही.

पहिल्यांदा घेताय तर लहानच बाटली घ्या, मोठी घ्यायचा आग्रह आम्ही करणार नाही. प्रत्येक बाटलीसोबत रकाने आखलेली वही फुकट येते. भरलेल्या पानांचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तरी चालतो, फक्त उजेडात आणि पान सरळ धरून काढा, म्हणजे आकडे वाचता येतात.