ओ, ओ आणि बी : मालिकांमधले झोल येतात कुठून?

मालिकेत रक्तगटाचा रिपोर्ट आला की घर फुटतं. आई ओ, बाप ओ, मुलगा बी. डॉक्टर चष्मा काढतात, सासूबाई भिंतीला टेकतात आणि मूल परक्याचं ठरतं. शाळेतल्या जीवशास्त्राच्या हिशेबाने ते बरोबरही आहे. पण ज्या मुंबईत हे सीन लिहिले जातात, त्याच मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली या हिशेबाचा अपवाद जगासमोर ठेवला : बॉम्बे रक्तगट.

या गटाच्या माणसांच्या तांबड्या पेशींवर एच हे पायाचं प्रतिजनच (पेशीची ओळख ठरवणारा रेणू) नसतं. ए आणि बी त्याच पायावर चढतात, त्यामुळे जनुकात बी असला तरी पेशीवर तो दिसत नाही. नेहमीच्या चाचणीत अँटी-ए आणि अँटी-बीचे थेंब टाकले की कुठेच गुठळ्या होत नाहीत आणि कागदावर 'ओ' लिहिलं जातं. असा बाप आपला बी मुलाला देऊ शकतो. आईकडून एच मिळाला की मुलात तो बी उघड दिसतो. म्हणजे आईबाप दोघंही कागदावर ओ, मुलगा बी, आणि कुणीही कुणाला फसवलेलं नाही. भारतात हा गट साधारण दहा हजारांत एकाचा. तो पकडायचा तर चाचणी उलट बाजूनेही करावी लागते. रुग्णाच्या सीरममध्ये ओ गटाच्या पेशी टाकायच्या. खरा ओ असेल तर काही होत नाही, बॉम्बे असेल तर गुठळ्या. अशा माणसाला साधं ओ रक्त चढवलं तर जिवावर बेततं.

ब्लड बँकेतल्या तंत्रज्ञाला दहा मिनिटांचा फोन केला तर यातून महिनाभराचा ट्रॅक, म्हणजे कथानकाचा धागा, निघेल. तो फोन का होत नाही, याचं उत्तर लेखकांच्या अडाणीपणात शोधण्यात फारसा अर्थ नाही. ते वेळापत्रकात आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढे मालिकांचे दिवस आले तेव्हाचा ठरलेला साचा तेरा भागांचा, आठवड्याला एक. शेवट ठाऊक असायचा, त्यामुळे तिसऱ्या भागात ठेवलेली किल्ली अकराव्या भागात सापडायची. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि पाठोपाठ ईटीव्ही मराठी आलं, आणि रोजची मालिका हाच नियम झाला. 'चार दिवस सासूचे'ने तीन हजारांहून जास्त भाग ओलांडले. इतक्या लांबीच्या गोष्टीचा शेवट कुणालाच ठाऊक नसतो, तिच्या लेखकालाही नाही.

आता हिशेब पाहा. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की साधारण २२ मिनिटं उरतात. आठवड्याला सहा भाग म्हणजे १३२ मिनिटं, दर आठवड्याला एक पूर्ण सिनेमा. श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी बहुधा तीन वेगळी नावं असतात. कथाकाराचा ट्रॅक चॅनलकडून मंजूर होतो, त्याचे वन-लायनर (सीनचा एका ओळीतला सारांश) पडतात, पटकथाकार सीन पाडतो, संवादलेखक तो भरतो. सुरुवातीला हाताशी चार आठवड्यांच्या तयार भागांची बँक असली तरी गणपती, पाऊस आणि एखाद्या कलाकाराचं आजारपण यांत ती चार भागांवर येते. मग सकाळी मेकअप चालू असताना सीन फोनवर येतात. 'पोटाशी सात महिने' हे वाक्य कालच्या भागात 'पाच' होतं, हे त्या घाईत कुणी पाहायचं?

खरी गोची गुरुवारी होते. त्या दिवशी प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्कचे आकडे येतात (२०१५ पूर्वी ते टॅमचे असत). आकडा पडला की ट्रॅक वळतो, पण शूट झालेले सीन फेकून देणं परवडत नाही. खलनायिकेने दाराआडून सगळं ऐकल्याचा सीन मंगळवारी प्रसारित झालेला असतो आणि नव्या ट्रॅकमध्ये तिला काहीच ठाऊक नसतं. प्रेक्षक ज्याला झोल म्हणतो तो बऱ्याचदा असा दोन ट्रॅकचा सांधा असतो.

वेळ मिळाला की हीच मंडळी किती काटेकोर काम करतात, याचा दाखला 'सीआयडी'. तिच्या प्रयोगशाळेतल्या रंगीत द्रवांची टिंगल सगळ्यांनी केली, पण त्याच मालिकेने २००४ मध्ये १११ मिनिटांचा एक भाग सलग एका शॉटमध्ये घेतला.

वैद्यकीय चुकांना आणखी एक कारण आहे, जागेचं. गोरेगावची चित्रनगरी, मढ किंवा घोडबंदर रोड, हॉस्पिटल बहुतेकदा त्याच बंगल्याच्या मागच्या खोलीत एका भिंतीपुरतं उभं राहतं. मॉनिटर भाड्याचा. त्यावर रेष सरळ झाली की डॉक्टर शॉक देतात, कारण सरळ रेष सासूलाही समजते. प्रत्यक्षात शॉक देतात तो हृदय वेडंवाकडं थरथरत असताना किंवा नाडी हरवूनही अतिवेगाने धडधडत असताना. सरळ रेषेवर शॉकचा उपयोग नाही. तिथे छाती दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, आणि दर तीन ते पाच मिनिटांनी एक मिलिग्रॅम अॅड्रेनलिन. जिवंत नटाची छाती इतकी दाबली तर बरगडी मोडेल, म्हणून पडद्यावरचे डॉक्टर कोपरं वाकवून नुसते हलतात. यावर उपाय साधा आहे. क्लोजअपला पुतळा घ्यायचा, एरवी फ्रेम डॉक्टरच्या खांद्यापासून वर ठेवायची. हा दोष आपल्याकडचाच आहे असंही नाही. १९९६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकी मालिकांची मोजणी छापून आली होती. छाती दाबलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के रुग्ण तिथल्या तिथे वाचत होते. प्रत्यक्षातला आकडा याच्या जवळपासही नाही.

काही चुका म्हणजे जुनं खरं आहे. 'त्याला तीस सेकंद बोलत ठेवा, कॉल ट्रेस होतोय' हे यांत्रिक एक्स्चेंजच्या काळात रास्त होतं, कारण तिथे कर्मचाऱ्याला स्विचमागून स्विच शोधत जावं लागे. आता फोन लागताक्षणी नोंद होते. क्लोरोफॉर्मचा रुमाल मात्र कधीच खरा नव्हता. त्याने माणूस बेशुद्ध पडायला काही मिनिटं लागतात, दोन सेकंद नव्हे.

कायद्याचं तर विचारूच नका. टीपॉयवर सही केली की घटस्फोट, आणि झोपेत अंगठा घेतला की बंगला दुसऱ्याचा. हिंदू विवाह कायद्यात संमतीच्या घटस्फोटालाही दोन अर्जांमध्ये सहा महिने ठेवले आहेत. ते माफ करायचे की नाही हे कोर्ट ठरवतं, २०१७ पासून. घर बक्षीस द्यायचं तर दोन साक्षीदार, मुद्रांक शुल्क आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदणी, एवढं लागतं.

गंमत अशी, की रोजच्या मालिकेला हवा असतो वेळकाढूपणा आणि खरी प्रक्रिया तो फुकट देते. डीएनए चाचणीत नमुना घेणं, डीएनए वेगळा काढणं, त्याच्या प्रती वाढवणं आणि पंधरा-वीस ठिकाणी तुलना करणं आलं. घाई केली तरी प्रयोगशाळेत दिवस-दोन दिवस जातात, रिपोर्ट हाती यायला आठवडे. दोन आठवडे धरले तरी बारा भाग झाले. तरीही रिपोर्ट त्याच भागात, जाहिरातीनंतर येतो. लिफाफा शनिवारी उघडायचा, हे वन-लायनर पडतानाच ठरलेलं असतं.